बैलगाड्यांच्या आधी

परवा गावाकडे गेलो होतो. आमचं गाव पाथरी तालुक्यात. शाळेच्या मैदानावर रात्रीचे कबड्डीचे सामने होते. आमच्या भावकीतला एक पोरगा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, उजव्या कोपऱ्यावर खेळतो. अंगाने दांडगा, बोलायला गप्प. शेवटच्या मिनिटाला समोरचा चढाईचा गडी बोनससाठी पाय टाकतो न टाकतो तोच ह्याने त्याचा घोटा धरला आणि सोडलाच नाही. सगळं मैदान उठून उभं राहिलं. माईकवरून "पकडीला शंभर रुपये... पकडीला दोनशे रुपये..." सुरू झालं. मीही पाचशे एक पुकारले आणि घसा बसेपर्यंत ओरडलो. (हे वय ओरडायचं नाही, पण असो.) दुसऱ्या दिवशी चौकात त्याचा बॅनरही लागला, 'परभणीची भिंत'!

सकाळी त्यांच्या घरी चहाला गेलो, तर भिंत ओसरीवर बसून गुडघा शेकत होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, टाळ्या लई झाल्या. दोन महिन्यांपासून ह्याचा गुडघा सुजायलाय, ते कुणी इचारलं का?" पोरगा हसला, म्हणाला, "काका, दिवाळीनंतर पुण्याला जातो, कंपनीत. खेळाचं मग बघू."

चहा काही गोड लागला नाही. परतीच्या एसटीत मला खाशाबा जाधव आठवत राहिले.

खाशाबा म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. मला आठवत होतं ते त्याआधीचं. जन्म १९२६ चा, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असताना अंगाने एवढे लहानखुरे, की कॉलेजच्या स्पर्धेत क्रीडाशिक्षक नावच घेईनात, असं सांगतात. ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि जिंकले.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला हा पैलवान तिथे गादीवर लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. इथे एक गंमत सांगतो. खाशाबा लंडनमध्ये लढत होते तेव्हा आमची परभणी भारतात नव्हतीच! निजामाचं राज्य संपायला १७ सप्टेंबर उजाडावा लागला. तेव्हा रझाकारांच्या धास्तीत असलेल्या आमच्या आजोबांना लंडनच्या कुस्तीचा पत्ता असण्याचं कारणच नव्हतं.

मग आलं १९५२, हेलसिंकी. जायचं तर पैसे हवेत. खाशाबा आणि त्यांच्या माणसांनी वर्गणी मागत फिरावं लागलं. कुणी थोडे दिले, कुणी दिले नाहीत. शेवटी राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या बाळासाहेब खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विचार करा, पदक अजून मिळालेलं नाही, मिळेल याची खात्री नाही. चार वर्षांपूर्वी सहावा आलेला एक विद्यार्थी. त्याच्यासाठी राहतं घर!

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो गटात लढले. एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या कुस्तीला उभं केलं गेलं. मधे विश्रांतीचा अर्धा तास मिळायला हवा होता, पण तो मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक सगळे सांगतात. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. पदक ब्राँझचं आलं.

परत आल्यावर मात्र केवढं स्वागत! शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ढोल वाजले, गुलाल उधळला. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्या ठेवल्या, त्या मारल्या आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. १९५५ साली पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. आणि भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं, लिअँडर पेसचं.

बैलगाड्या जोडणाऱ्यांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही. मीही त्याच गर्दीतला. पण मिरवणुकीला शंभर गाड्या आल्या आणि त्या गादीशेजारी एक माणूस हवा होता, तो नव्हता. आपला उत्साह बहुतेक वेळा उशिरा पोचतो, जिंकल्यावर. त्याची खरी गरज असते आधी, गुडघा सुजतो तेव्हा.

आमच्याकडे एक म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभनी'. जमलं तर ठीक, नाहीतर आपली परभणी आहेच. लोक ती थट्टेने म्हणतात. मला त्यात आधार दिसतो. पोराला असं वाटलं पाहिजे की नाही जमलं तरी परत यायला माणसं आहेत.

तर भावकीतले जे कुणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी : माझे पाचशे एक त्या रात्री माईकवरच राहिले होते, द्यायचे विसरलो होतो. ते दिले. येत्या सोमवारी त्याला परभणीला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन जातोय. घर गहाण ठेवायची माझी छाती नाही. पण वर्षभराचं दूध, अंडी, बूट आणि डॉक्टर एवढं आपण चार घरं मिळून करू शकतो. पुण्याला जायचं की नाही हे मग त्याचं त्याला ठरवू द्या. मोठा खेळाडू होईल का? माहीत नाही. खर्डेकरांनाही माहीत नव्हतं.

बॅनर पुढच्या वेळी नको.