वळचणीचे पाणी

‘वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही’ ही म्हण वर्गात समजावून सांगताना अलीकडे माझी पंचाईत होते. पाणी कळते, जात नाही हेही कळते. आढे आणि वळचण मात्र फळ्यावर चित्र काढून दाखवावे लागतात. स्लॅबखाली जन्मलेल्या विद्यार्थ्याला छपराचा कणा असलेले आढे आणि भिंतीबाहेर झुकलेली छपराची कड, म्हणजे वळचण, ठाऊक असण्याचे कारण नाही. वळचणीवरून धारांनी गळणारे पाणी ती पागोळी, हे सांगितल्यावर मात्र एखादी मुलगी मान डोलावते. तिने हा शब्द कवितेत वाचलेला असतो. पागोळी पाहिलेली नसते. माझी आजी वऱ्हाडातली. तिच्या तोंडी वळचणीची ‘वयचन’ होत असे आणि पावसाळ्यात घरातली निम्मी भांडी त्या वयचनीखाली ओळीने मांडलेली असत.

याच कुटुंबातला तिसरा शब्द म्हणजे पन्हळ. संस्कृत ‘प्रणाल’पासून तो आला. देवळाच्या गाभाऱ्यातून अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी दगडी वाट तीही प्रणालच, आणि कोकणात पोफळीचे खोड उभे चिरून वळचणीखाली बांधतात तीही पन्हळच. जयराम पिंड्ये यांनी शिवकाळात पन्हाळगडावर संस्कृत काव्य रचले तेव्हा गडाला ‘पर्णाल’ म्हटले. शिलाहारकालीन लेखांत त्याचे नाव ‘प्रणालक’ असे येते. (शिलाहारांचे लेख संपादित करणारे वा. वि. मिराशी आमच्या नागपूरचेच. तो ग्रंथ १९७७चा.) मोल्सवर्थच्या कोशात पागोळी, वळचण, पन्हळ हे तिन्ही शब्द सापडतात. आज आपण या साऱ्यासाठी ‘पाइप’ म्हणतो. मला या शब्दांच्या जाण्याचा शोक करायचा नाही. त्या शब्दांबरोबर शेजाऱ्याशी असलेला एक करारही आपल्या ध्यानातून गेला, त्याविषयी लिहायचे आहे.

पागोळी आणि पन्हळ यांत केवळ साधनाचा फरक नाही. पागोळीचे पाणी छपराच्या साऱ्या लांबीवर विखरून पडते. पन्हळ ते गोळा करून एका जागी सोडते. पहिल्याने जमिनीवर खड्ड्यांची रांग उमटते, दुसऱ्याने ओहोळ होतो. हा भेद रोमन कायद्याने नेमका ओळखला होता. शेजाऱ्याच्या छपराचे थेंब आपल्या जमिनीवर पडू देण्याचे बंधन त्यांनी ‘स्टिलिसिडियम’ या नावाने ओळखले आणि एकत्र केलेल्या प्रवाहाचे बंधन ‘फ्लुमेन’ या वेगळ्या नावाने. एकाची संमती म्हणजे दुसऱ्याची संमती नव्हे. कौटिल्यालाही हा प्रश्न क्षुल्लक वाटला नाही. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घराच्या वास्तूविषयी जे प्रकरण आहे, त्यात दोन घरांमध्ये किती पावले जागा सोडावी आणि शेजारशेजारच्या छपरांच्या कडांत किती अंगुळांचे अंतर असावे, की एकीने दुसरीवर यावे, इतक्या बारकाव्याने नियम दिले आहेत. राज्यशास्त्राच्या ग्रंथात चार अंगुळांचा विचार येतो तो उगाच नव्हे. ज्याने कधी गल्लीतले भांडण ऐकले आहे त्याला हे पटेल.

नागपुरातील जुनी वस्ती, म्हणजे महाल, इतवारी आणि त्यांना बिलगलेल्या पेठा, कवेलूंच्या छपरांची होती. अर्धगोल, हाताने घडवलेले कवेलू एकमेकांत ओवून टाकलेले. या छपराची कड सरळ रेषेत कधीच येत नाही. प्रत्येक नळीचे तोंड थोडे पुढे-मागे, थोडे वर-खाली. त्यामुळे तिच्याखाली पन्हळ बांधली तरी निम्मे पाणी तिच्याबाहेर पडणार. म्हणून आमच्याकडे पन्हळ असे ती दोन छपरांच्या जोडावर, जिथे तिच्यावाचून गत्यंतरच नाही तिथे. बाकी सगळी पागोळी. आणि दुरुस्ती म्हणजे शाकारणी: मृगाआधी माणूस छपरावर चढे, फुटके कवेलू काढी, माकडांनी सरकवलेले नीट बसवी. हे काम जाणणाऱ्याला उन्हाळ्याच्या अखेरीस मोठा भाव असे. नामदेवांचे एक पद गुरू ग्रंथसाहिबात आहे. त्यात शेजारीण त्यांना विचारते, तुझे छप्पर कोणी शाकारून दिले ते सांग, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. पदाचा रोख अर्थातच वेगळा आहे, त्या कारागिराची मजुरी प्रेम ही आहे. पण दुप्पट मजुरी कबूल करणारी ती शेजारीण आमच्या बोळातली असावी असे मला नेहमी वाटते.

उभा नळ ही कल्पना मात्र दुसऱ्या देशाची. तिचा जुन्यातला जुना म्हणता येईल असा उल्लेख १२४०मधला आहे. इंग्लंडचा तिसरा हेन्री याने लंडनच्या टॉवरवरील शिशाच्या पन्हळी थेट जमिनीपर्यंत उतरवण्याची आज्ञा दिली. कारण काय, तर बुरुजाला नुकताच पांढरा रंग दिला होता आणि गळत्या पाण्याने तो बिघडू नये. राजाला चिंता स्वतःच्या भिंतीची होती. परक्याची चिंता कायद्यात यायला पावणेपाचशे-पाचशे वर्षे लागली: १७२४च्या लंडनच्या इमारत कायद्याने छपराचे पाणी रस्त्यावरील माणसांच्या डोक्यावर न सोडता नळाने खाली आणण्याचे बंधन घातले. पुढे ओतीव लोखंड स्वस्त झाले आणि नळ घरोघरी पोचला.

१८५४मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले आणि १८६७मध्ये मुंबईहून रेल्वे येऊन पोचली. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५मध्ये. यंत्राने दाबलेले, खाचेत खाच बसणारे हे कौल सरळ कडेचे असते. जस्ताचा मुलामा दिलेले नालीदार पत्रेही याच काळातले. कड सरळ झाली की पन्हळ बांधता येते आणि पन्हळ आली की तिला उभा नळ लागतो. सिव्हिल लाइन्समधील बंगल्यांना बिडाचे नळ लागले ते या ओघात. शहराच्या पोटात मात्र कवेलू पुढे शंभर वर्षे टिकले, कारण तिथे कुंभार जवळ होता आणि बीड महाग.

नागपूरचा या इतिहासात एक मान आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा १ जुलै १८८२ रोजी अमलात आला तेव्हा तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू नव्हता. मद्रास, कुर्ग आणि मध्य प्रांत एवढ्याच प्रदेशांना तो लागू होता. मुंबई इलाख्याला तो मिळाला १८९१मध्ये. म्हणजे पुण्यातल्या वाड्यांची वळचण या कायद्याच्या कक्षेत येण्याआधी नऊ वर्षे इतवारीची वळचण त्यात आलेली होती. आणि वळचण हा शब्द मी ओढूनताणून आणलेला नाही. कलमांचा अर्थ स्पष्ट करण्यासाठी या कायद्यात जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत पागोळी स्वतः हजर आहे. तेविसाव्या कलमाचे उदाहरण असे: एकाच्या घराच्या पागोळीचे पाणी दुसऱ्याच्या जमिनीवर पडू देण्याचा हक्क असला, तरी त्यामुळे त्याला आपली वळचण पुढे सारून शेजाऱ्यावरचा भार वाढवता येत नाही. अडतिसाव्या कलमात दुसरे: ज्याच्या अंगणात पागोळी पडते त्याला बांधकाम करण्याची उघड परवानगी आपणच दिली, तर तेवढ्यापुरता आपला हक्क संपला. पण मला सर्वांत आवडतात ती चोविसावे ते सव्विसावे ही तीन कलमे, कारण ती दुरुस्तीची कलमे आहेत. दुसऱ्याच्या जमिनीतून आपला नळ जात असेल, तर तो नीट करण्यासाठी तिथे जाण्याचा व खणण्याचा अधिकार आपल्याला आहे; मात्र जमीन पूर्ववत करून द्यावी लागते. दुरुस्तीचा खर्च हक्क भोगणाऱ्याचा. आणि दुरुस्ती न केल्याने शेजाऱ्याचे नुकसान झाले, तर भरपाईही त्याचीच. घराची निगा ही खासगी बाब आहे असे आपण समजतो. कायदा एकशे चाळीसहून अधिक वर्षे याउलट सांगतो आहे.

हे सारे मला पुस्तकातून कळले असे म्हटले तर ते खोटे होईल. ते वडिलांच्या पत्र्याच्या पेटीतून कळले. महालातील आमच्या घराचे कवेलू १९८६मध्ये उतरले आणि स्लॅब पडला. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. आमचे घर आणि शेजारच्या काकाजींचे घर यांत दोन हातांची सांद आहे. जमीन त्यांची आणि आमची पागोळी पिढ्यान्‌पिढ्या तिथे पडत आलेली. स्लॅब झाल्यावर साऱ्या छपराचे पाणी एका तोंडातून त्याच सांदीत कोसळू लागले. वडिलांचे म्हणणे, पाणी तेच, पाऊस तोच, छप्परही तेवढेच. मग तक्रार कसली? काकाजींचे म्हणणे, थेंब पडू देणे वेगळे आणि धबधबा पडू देणे वेगळे. लहानपणी मला अर्थातच वडिलांचे म्हणणे बरोबर वाटे. पहिल्याच पावसाळ्यात काकाजींच्या मातीच्या भिंतीचा पाया उघडा पडला. दोन्ही घरांतले येणेजाणे बंद झाले. संक्रांतीला आई तिळगूळ कुणाच्या तरी हाती पाठवी आणि तो परत येत नसे, एवढाच काय तो संबंध.

वडील गेल्यावर पेटी उघडली तेव्हा त्यात काकाजींच्या वकिलाची नोटीस निघाली आणि तिच्यामागे टाचलेला, साध्या कागदावरचा, दोघांच्या सह्यांचा करार. नोटिशीत तेविसाव्या कलमाचा आधार होता. करारात कलम कुठलेच नव्हते. आम्ही स्वखर्चाने बिडाचा नळ बसवून पाणी सांदीबाहेरच्या नालीत सोडावे. नळ सांदीतून जाऊ द्यायला त्यांची हरकत नाही. दुरुस्तीसाठी त्यांच्या अंगणात शिडी लावता येईल. नळ फुटल्यास पंधरा दिवसांत नीट करावा. म्हणजे वडिलांनी हार मान्य केली होती आणि मला ते कधी सांगितले नव्हते. मी मात्र पुढची कित्येक वर्षे काकाजींना मनातल्या मनात भांडखोर ठरवून मोकळा झालो होतो.

या मे महिन्यात त्यांच्या बाजूच्या भिंतीवर ओल नसताना ओलीची जुनी रेघ दिसली. क्षाराचा पांढरा फुलोरा, नळाच्या पाठीमागे, वरपासून खालपर्यंत. बिडाचा नळ असाच दगा देतो. समोरून दरवर्षी रंग मिळतो, भिंतीकडच्या बाजूला कुंचला पोचत नाही आणि गंज तिकडून खात येतो. सांदीत कुणी जात नाही, म्हणून पाहतही नाही. काकाजी आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाने तक्रार केलेली नव्हती. तक्रार न होणे हे मला नोटिशीपेक्षा जड गेले.

आमचा स्लॅब सुमारे ८० चौरस मीटरचा. नागपुरात वर्षाला सरासरी १,१०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे त्या एका नळातून वर्षाला ८८,००० लिटर पाणी उतरते. तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर मिनिटाला सुमारे ६७ लिटर. हा आकडा मांडून पाहीपर्यंत शेजाऱ्याच्या भिंतीलगत आपण काय बांधून ठेवले आहे याची मला कल्पना नव्हती.

जुना नळ काढून पीव्हीसीचा बसवायचे ठरले. पहिल्या कारागिराने प्रत्येक सांधा डिंकासारख्या सोल्युशनने पक्का करण्याचा आग्रह धरला. दुसरा वयस्क होता, त्याने नकार दिला. नागपूरच्या उन्हात प्लॅस्टिक वाढते. तीन मीटरचा नळ हिवाळ्याची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत आठ-दहा मिलिमीटर लांब-आखूड होतो. सगळे सांधे जखडले तर तो कुठेतरी तडकणार. म्हणून सांध्यात रबरी कडे आणि आत बोटभर मोकळी जागा. भिंतीवरचे क्लॅम्प नळाला धरतील पण आवळणार नाहीत असे. भिंत आणि नळ यांत हात जाईल एवढे अंतर, म्हणजे मागची बाजूही पाहता येईल. स्लॅबवरच्या तोंडाला घुमटाकार जाळी, कारण सपाट जाळी कडुनिंबाच्या पानांनी एका सरीत मिटते. तळाच्या वळणाशी उघडता येणारे झाकण. जुन्या वळणातून निघालेला गाळ मी घमेल्यात भरला: पाने, कबुतराची पिसे, पतंगाचा मांजा आणि कवेलूचा एक तुकडा, जो तिथे १९८६पासूनच असला पाहिजे.

एक प्रश्न उरला होता, आणि तो करारात नव्हता. पाणी सोडायचे कुठे? १९८६मध्ये नालीत सोडले की कर्तव्य संपत असे. २०२३च्या २२ सप्टेंबरच्या रात्रीपासून २३च्या पहाटेपर्यंत नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या वस्त्यांत शिरली. तलावाचे, नदीचे, अतिक्रमणांचे बरेच काही तेव्हा बोलले गेले, आणि ते खरेच होते. पण शहरातल्या प्रत्येक स्लॅबचे पाणी एका नळातून, एकाच वेळी, वाट न अडता नालीत पोचत होते, हेही त्या रात्रीचेच सत्य. पूर्वीची पागोळी अंगणात मुरत होती. आपण एकेका शेजाऱ्याच्या भिंती वाचवल्या आणि त्यांवरचा भार नदीकाठच्या अनोळखी शेजाऱ्यांकडे सारला. वळचण पुढे सारण्याचा हा प्रकार कुठल्याही कलमाच्या उदाहरणात बसत नाही.

मग नळाचे पाणी गाळणीतून आमच्याच मागच्या अंगणातल्या, वापरात नसलेल्या विहिरीकडे वळवले. पहिल्या पावसाचे मळके पाणी बाहेर सोडण्यासाठी एक झाकण ठेवले. त्यासाठी नळ सांदीच्या दुसऱ्या टोकाकडून न्यावा लागला, म्हणजे काकाजींच्या जमिनीवरून आणखी आठ फूट. परवानगी मागायला गेलो तेव्हा जुना कागद बरोबर नेला. त्यांच्या मुलाने तो उभ्या उभ्या वाचला, वडिलांच्या सहीवर काही क्षण बोट ठेवले आणि शिडी कुठे लावायची ते दाखवायला अंगणात निघाला.

काम संपले त्या संध्याकाळी मी स्लॅबवरून एकामागून एक अशा सहा बादल्या पाणी ओतले. खाली सांदीत तो नळाच्या पाठीमागे विजेरी धरून उभा होता. तिसऱ्या सांध्याशी थोडे झिरपते आहे, असे त्याने ओरडून सांगितले. सकाळी कारागिराला पुन्हा बोलावले.