फुटलेल्या जोड्या

‘ध्वनिवर्धक’ म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर की लाउडस्पीकर, हे मला भाषांतर करताना दर वेळी पुढचे वाक्य वाचूनच ठरवावे लागते. हा शब्दाचा ढिलेपणा खरा, पण १९३०च्या दशकातल्या रेडिओला तो चपखल बसतो. तेव्हा बहुतेक स्पीकरांना कायमचा चुंबक नसे. तारेच्या मोठ्या वेटोळ्यातून वीज खेळवून तो तयार होई, आणि तेच वेटोळे बहुधा रेडिओच्या वीजपुरवठ्यातली घरघरही गाळी. स्पीकर काढला की रेडिओच मुका. कोणाला कोण शोभेल, हा प्रश्न कारखान्यातच मिटलेला असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कायमचे चुंबक सर्रास झाले आणि जोडी फुटली. निवड गिऱ्हाइकाकडे आली, हिशेब वॉटचा. एका व्हॉल्व्हचा साधा अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम ४ वॉट देतो. ९५ डेसिबलच्या जुन्या कागदी कोनाला ते पुष्कळ. १९७०च्या दशकातली बीबीसीची एलएस३/५ए ही छोटी पेटी मात्र ८३च्या आसपासची. दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी ६४ वॉट, आणि तेवढे ती सोसत नाही. यात तिचा दोष नाही. प्रक्षेपणाच्या गाडीत, जवळ बसून आवाज तपासायला ती घडवलेली. तिच्यावर संथ ख्याल ऐकावा. ढोलकी-हलगीची थाप तिच्याकडे मागू नये.

मिरजेचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्याआधीच्या काही वर्षांतल्या त्यांच्या ७८च्या रेकॉर्डी आजच्या महागड्या, ट्वीटरवाल्या स्पीकरवर लावा: आधी खरखर येते, मागून खाँसाहेब. आठ इंची एकाच कोनाचा स्पीकर आणि ४ वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर यांच्यात गळा पुढे येतो. उंच स्वर तो कोन जेमतेमच वाजवतो, तीच इथे सोय. माझा कौल या जोडीला, मग जाणकार काहीही म्हणोत.

पण जोडी जमवायची कुठून? फरीदाबादहून मेट्रोने मी लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटात जाते. एकदा रेडिओग्राममधून उपटलेला असा एक कोन मिळाला, धड, १५ ओहमचा. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरशी त्याचे जुळायला तितक्याच ओहमचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. तो विचारला, तर दुकानदार म्हणाला, “वो तो ताँबे के भाव गया, मैडम.”