शेजारचा रेडिओ आणि समुद्रापारचं केंद्र

घोडेगाव म्हटलं की लोकांना जनावरांचा बाजार आठवतो. मला शेजारच्या ख्रिस्ती घरातला रेडिओही आठवतो. त्यावर मराठीतून येशूची शिकवण लागायची. ते केंद्र नगरलाच असणार, असं मला वाटायचं.

तसं वाटणं साहजिक होतं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघालं. पुढे ना. वा. टिळकांनी अभंगांतून ख्रिस्त मांडला. म्हणजे ख्रिस्ती मराठी इथलीच, जुनी.

पण आपल्याकडे रेडिओ सरकारच्या हातात होता. म्हणून असे कार्यक्रम बाहेरून यायचे. ‘फीबा’चं सेशेल्स बेटांवरचं केंद्र १९७० मध्ये सुरू झालं, ‘ट्रान्स वर्ल्ड रेडिओ’ श्रीलंकेतून बोलू लागला. सेशेल्सचं प्रक्षेपण २००३ मध्ये थांबलं.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. त्यानंतर खासगी एफएम वाढलं, पण धार्मिक संस्थांशी जोडलेल्या कंपन्यांना परवाना नाही. चर्च, मठ, मशीद, सगळ्यांना नियम एकच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

खटकतं ते वेगळंच. आमचे अब्बा आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस ऐकायचे, ती दिल्लीहून यायची. तरी उर्दूला बाहेरची म्हणणारे भेटले. शेजाऱ्यांचे कार्यक्रम समुद्रापलीकडून यायचे, म्हणून त्यांचा धर्म परका ठरला. मनोरा कुठे आहे यावरून माणूस कुठला, हे ठरत नाही. ते शेजारी घोडेगावचेच होते, आमच्यासारखे.