ट्राउट नको, रोहू बघा

मंडळी, 'पोरांना ट्राउटची हॅचरी दाखवायचीय, जालन्यात कुठे?' असं विचारलंत. नाही मिळणार! ट्राउटला थंडगार पाणी लागतं. म्हणून तर इंग्रजांनी १९०० मध्ये त्याची अंडी स्कॉटलंडहून थेट काश्मिरात नेली. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो.

मी म्हणेन, रोहू-कटल्याचं मत्स्यबीज केंद्र बघा. गोष्ट तिथेच भारी आहे. हे मासे तळ्यात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी बीज पुराच्या नदीतून गाळून आणायचे. त्यात नको ते मासेही यायचे. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरींनी माशाच्याच पियूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी घालवून घेतली.

पोरांना शब्दही आवडतील: जिऱ्याएवढं पिल्लू ते मत्स्यजिरे, बोटाएवढं झालं की बोटुकली. जायचं मात्र पावसाळ्यात, जिरे तेव्हाच दिसतात.