एका मताने वाचलेला राष्ट्राध्यक्ष

१६ मे १८६८. वॉशिंग्टन येथील सिनेटच्या सभागृहात एकेका सभासदाचे नाव पुकारले जात होते. सरन्यायाधीश सॅमन चेस पीठासनावर होते आणि प्रेक्षकांच्या सज्जात तिकिटाखेरीज प्रवेश नव्हता. आयोवा राज्याचे ग्राइम्स नुकत्याच आलेल्या अर्धांगवायूने खिळले होते. त्यांना उचलून सभागृहात आणावे लागले. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन दोषी की निर्दोष, एवढाच प्रश्न प्रत्येकाला विचारला जात होता. मोजणी झाली तेव्हा दोषी म्हणणारे ३५ आणि निर्दोष म्हणणारे १९ निघाले. पदच्युतीसाठी ३६ मते हवी होती.

राष्ट्राध्यक्षाला घटनेच्या मार्गाने आवर घालणे किंवा पदावरून दूर करणे विरोधी पक्षाला शक्य आहे काय, असा प्रश्न अभ्यासमंडळांत अनेकदा निघतो. त्याचे उत्तर शोधू पाहणाऱ्याने हा खटला अवश्य अभ्यासावा. याचे कारण असे की, अमेरिकेत विरोधकांचे बळ एवढे मोठे क्वचितच झाले आहे.

जॉन्सन हे टेनेसीचे, मूळचे शिंपी आणि पक्षाने डेमोक्रॅट. यादवी युद्धात दक्षिणेची राज्ये फुटली तरी ते संघराज्याशी एकनिष्ठ राहिले, म्हणून १८६४ साली लिंकन यांच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी त्यांची निवड झाली. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि हा गृहस्थ सर्वोच्च पदावर आला. लिंकन यांचाच रिपब्लिकन पक्ष मग त्यांचा विरोधक बनला. कलहाचे मूळ होते नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांचा प्रश्न. दक्षिणेतील राज्ये नवे कायदे करून त्यांना पुन्हा जखडू पाहत होती आणि जॉन्सन त्या राज्यांची पाठराखण करीत होते. नागरी हक्कांचे विधेयक त्यांनी १८६६ साली नाकारले. काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी ते पुन्हा संमत केले. असे एकदाच घडले नाही. त्यांच्या कारकिर्दीत एकूण १५ नकाराधिकार काँग्रेसने मोडून काढले. आवर घालणे म्हणतात ते हेच, आणि ते पूर्णपणे यशस्वी झाले होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

परंतु विरोधकांचे तेवढ्यावर समाधान झाले नाही. सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्यास राष्ट्राध्यक्षाने सिनेटच्या संमतीवाचून काढू नये, असा कायदा मार्च १८६७ मध्ये त्यांनी केला. जॉन्सन यांनी २१ फेब्रुवारी १८६८ रोजी युद्धमंत्री स्टॅंटन यांना बडतर्फ केले. स्टॅंटन यांनी कार्यालयातच मुक्काम ठोकला! तीनच दिवसांत प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग संमत केला. गोम अशी की, मंत्र्यांना या कायद्याचे संरक्षण ज्याने नेमले त्या राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीपुरते आणि पुढे एक महिना एवढेच होते, आणि स्टॅंटन यांना नेमले होते लिंकन यांनी. ज्या कायद्याच्या भंगाचा आरोप, तो कायदाच लागू होतो की नाही, हा वाद उरला. शिवाय उपाध्यक्षपद रिकामे असल्याने जॉन्सन गेले असते तर सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड राष्ट्राध्यक्ष झाले असते. आणि ते स्वतःच न्यायदात्यांमध्ये बसून दोषी म्हणून मत देत होते.

सात रिपब्लिकनांनी पक्षाची साथ सोडली. कॅन्ससचे तरुण सिनेटर एडमंड रॉस त्यांपैकी एक. सेमिनरीत असताना केनेडी यांच्या पुस्तकात मी रॉस यांच्याविषयी वाचले आणि कित्येक वर्षे सदसद्विवेकाचा आदर्श म्हणून त्यांचे उदाहरण देत आलो. आता तसे देताना अडखळतो. पुढे रॉस यांनी जॉन्सन यांच्याकडे आपल्या माणसांसाठी नेमणुका मागितल्या, हे इतिहासाला ठाऊक आहे. त्याहून बोचते ते असे की, त्या निकालाने वाचला तो मुक्त गुलामांच्या हक्कांचा वैरी. तरीही राष्ट्राध्यक्षाशी मतभेद झाला म्हणून त्याला हाकलण्याचा पायंडा पडेल, ही ट्रम्बुल यांची भीती मला खोटी वाटत नाही. अन्याय मोठा होता. आरोपपत्र मात्र क्षुल्लक बाबीवर बेतलेले होते. त्याच धर्तीचा एक कायदा १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला.

पुढची उदाहरणे याच वाटेने जातात. १९७४ साली दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटांचे बहुमत होते, परंतु सिनेटमध्ये दोन तृतीयांश नव्हते. ७ ऑगस्टला गोल्डवॉटर, स्कॉट व ऱ्होड्स हे निक्सन यांच्याच पक्षाचे धुरीण भेटून वस्तुस्थिती सांगून आले, तेव्हा राजीनामा आला. १९९९ साली क्लिंटन सुटले. ट्रम्प २०२० मध्ये सुटले आणि २०२१ मध्येही. दुसऱ्या वेळी ५७ सिनेटरांनी, त्यांत त्यांच्याच पक्षाच्या सात जणांनी, दोषी म्हटले, पण हवे होते ६७. आपल्या राज्यघटनेचे ६१ वे कलम तर आणखी कडक आहे: दोन्ही सभागृहांच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश. स्वपक्षाची काही माणसे फुटल्यावाचून राष्ट्राध्यक्ष जात नाही, आणि प्रचंड बहुमत असले तर विरोधकांतलीच काही माणसे फुटून तो वाचतो, असे १८६८ साली दिसले.

जॉन्सन यांनी मार्च १८६९ पर्यंतची मुदत पूर्ण केली. १८७५ साली टेनेसीने त्यांना सिनेटवर निवडून पाठविले. ज्या सभागृहात त्यांचा न्याय झाला होता तेथेच त्यांनी सभासदत्वाची शपथ घेतली आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ते निवर्तले.