वेळ

(पुं., स्त्री.) मराठीतील कालवाचक नाम. मूळ संस्कृत ‘वेला’, स्त्रीलिंगी. अर्थ मर्यादा, समुद्राचा काठ, भरती आणि ठरलेला समय. दोन स्वरांमधल्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ झाला, शेवटचा ‘आ’ गळाला. काठाचा अर्थ मराठीने सोडला. कोकणीने तो ‘दर्यावेळ’ (समुद्रकिनारा) या शब्दात राखला आहे.

खरी गंमत लिंगात आहे. ठरलेला क्षण स्त्रीलिंगी, कालावधी पुल्लिंगी. ‘जेवायची वेळ झाली’ म्हटले की पाने मांडायची. ‘जेवायला वेळ झाला’ म्हणजे उशीर झाला. सामान्यरूपेही वेगळी : ‘वेळेवर’, ‘वेळेला’, पण ‘थोड्या वेळाने’. ‘वेळा’ हे अनेकवचन फक्त स्त्रीलिंगी शब्दाचे, कारण मोजता येते तीच : गाडीच्या वेळा, तीन वेळा. ‘दोन वेळचे जेवण’मध्ये सामान्यरूप होतच नाही. ‘एक वेळ उपाशी राहीन’ यात तर काळाचा अर्थही उरलेला नाही.

आयरिश भाषेतील ‘उअर’ (स्त्री.) या शब्दाचेही असेच आहे. तास आणि खेप असे त्याचे दोन्ही अर्थ होतात, आणि तीन ते दहा या संख्यांना जोडताना त्याचे वेगळे अनेकवचन वापरतात. तो लॅटिन ‘होरा’वरून आला. लॅटिनने हा शब्द ग्रीकांकडून घेतला, आणि आपल्या ज्योतिषातला ‘होरा’ही तिथलाच.

जुन्या औंध संस्थानच्या मुलखात, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधपासून सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीपर्यंत, बोलीत ‘येळ’ म्हणतात. ‘ए’पूर्वीच्या ‘व’चा ‘य’ होतो, जसे वेडा–येडा. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधातच स्वाध्याय मंडळातून वेदसंहिता छापत होते. गावात मात्र यमाईच्या पौषी यात्रेबद्दल बोलताना ‘यात्रंच्या येळंला’ हेच रूप. या मुलखाचे बोलणे व्यंकटेश माडगूळकरांनी साहित्यात आणले. त्यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) कादंबरीची पार्श्वभूमी औंध संस्थानचीच आहे.

उच्चार बदलला तरी बोलीने लिंगभेद सोडलेला नाही. ‘येळंवर आला’ म्हणजे ठरल्या वेळी, ‘लई येळानं आला’ म्हणजे उशिरा. तेव्हा ‘येळ’वर अशुद्धतेचा शिक्का मारण्यात अर्थ नाही, तिचे व्याकरण प्रमाण मराठीइतकेच काटेकोर आहे.