चंबा पाहून आलो, चांदा कधी पाहणार?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही गोंडपिपरीचे चौघे मित्र हिमाचलातल्या चंब्याला जाऊन आलो. पठाणकोटपर्यंत रेल्वे, तिथून पुढं घाटाचा रस्ता. खाली रावी नदी, वर डोंगर आणि मधल्या सपाटीवर वसलेलं हे जुनं गाव. साधारण इ. स. ९२० मध्ये राजा साहिल वर्मनानं तिथं राजधानी आणली. त्याच्या मुलीचं नाव चंपावती, त्यावरून गावाचं नाव पडलं असं तिथले लोक सांगतात. लक्ष्मीनारायणाच्या आवारात सहा शिखरांची मंदिरं ओळीनं उभी आहेत. बर्फ साचू नये म्हणून दगडी शिखरांवर लाकडी छत्र्या बसवल्या आहेत. राजवाड्याखालच्या चौगान मैदानावर श्रावणात मिंजरची जत्रा भरते.

बाजारात एक म्हाताऱ्या बाई रुमालावर भरतकाम करत बसल्या होत्या. चंबा रुमाल म्हणजे खिशातला रुमाल नव्हे. लग्नात भेटीचं ताट झाकायचं कापड. दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, गाठ कुठं दिसत नाही. मधल्या काळात ही कला मरायला टेकली होती. जुने नमुने शोधून बायांना पुन्हा शिकवलं तेव्हा ती उभी राहिली, आणि आता तिला जीआय मानांकनही आहे.

बाईंनी हिंदीत विचारलं, "बेटा, कहाँ से?" मी म्हटलं, "चंद्रपूर. पहिले चांदा म्हणत." त्या हसल्या. चंबा आणि चांदा, नावं जुळलीच की! मग म्हणाल्या, "तुम्हारे चांदा में क्या है?"

माझ्या तोंडून निघालं, "कोयला. और बाघ."

ते उत्तर मला अजून टोचते. त्या बाईंनी गावाचा हजार वर्षांचा इतिहास सुई चालवता चालवता सांगितला आणि मी कोळसा सांगितला. खोटं नाही बोललो, पण अर्धंही नाही बोललो.

परत आल्यावर एका रविवारी सकाळची एसटी धरली. कोठारी, बल्लारपूर करत चांद्याला उतरलो आणि दिवसभर पायी फिरलो. शाळेत असताना दाखल्यासाठी, मग दवाखान्यासाठी, कोर्टासाठी या शहरात शंभरदा आलो असेन. शहर पाहायला म्हणून पहिल्यांदाच आलो.

आपल्याकडचीही कथा ऐका. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा बल्लारपूरला राहत होता. त्याच्या अंगावर गाठी होत्या, कोणतंही औषध लागू पडत नव्हतं. शिकारीला निघाला, तहान लागली, झरपटच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी दिसलं. त्या पाण्यानं हात-तोंड धुतलं आणि गाठी बऱ्या झाल्या. तिथंच अचलेश्वराचं देऊळ झालं. पुढं राजानं पाहिलं की एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करतोय. सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणजे चांद. राणी म्हणाली, ही जागा वीरांची आहे, ससा जिथून जिथून पळाला तिथून तट बांधा. ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून सांगत नाही. पण तट खरा आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस काम सुरू झालं आणि पुढच्या राजांनी ते पुरं केलं. सुमारे ११ किलोमीटरचा घेर, चार दरवाजे : जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शिवाय पाच खिडक्या. दरवाजावर मान वर करून पाहा, हत्तीवर चढलेला सिंह कोरलेला दिसेल. ती गोंड राजांची खूण. जटपुऱ्याच्या गर्दीत आपण हॉर्न वाजवत जातो, वर कोणी पाहत नाही.

चंब्याला राणी सुनयनाची कथा सांगतात. गावाला पाणी मिळावं म्हणून तिनं जीव दिला, म्हणून चैत्रात तिची जत्रा भरते. ऐकून डोळ्यांत पाणी आलं. मग लाज वाटली, कारण आपल्याही शहरात एक राणी आहे. १७०४ च्या सुमारास राजा बीरशहा मारला गेला. राणी हिराईनं रामशहाला दत्तक घेतलं, तो लहान होता तोवर राज्य स्वतः सांभाळलं. महाकालीचं देऊळ तिनं बांधलं. अचलेश्वराजवळ नवऱ्याची समाधी बांधली, ती आजही उभी आहे. बादशहानं बायकोसाठी बांधलेली कबर जगाला माहीत आहे. राणीनं नवऱ्यासाठी बांधलेली समाधी पाहायला चांद्याच्याच पोरांना कोणी नेत नाही. चैत्र पौर्णिमेला महाकालीच्या यात्रेला नांदेडकडून, तेलंगणातून लोक लेकरंबाळं घेऊन येतात. त्यातल्या किती जणांना हिराईचं नाव माहीत असेल?

पुढं १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी तट फोडला आणि किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच शहरातल्या तुरुंगात बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली. हे सगळं या एका तटाच्या आत घडलं.

दुपारी लालपेठला गेलो. रायप्पा वैश्यानं मोठं देऊळ बांधायचं ठरवून अवाढव्य मूर्ती घडवून घेतल्या, पण देऊळ झालं नाही. मूर्ती उघड्यावरच राहिल्या. दहा तोंडांची ती आडवी मूर्ती समोर पाहिली की माणूस मुका होतो. जवळच कोळशाच्या खाणी. म्हणजे त्या बाईंना मी जे उत्तर दिलं, ते आणि जे द्यायला पाहिजे होतं ते, दोन्ही एकाच वस्तीत!

आता कारागिरी. लोक म्हणतात, आपल्याकडं काय आहे? आरमोरी, नागभीडकडं जा. आपल्या जंगलातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवतात. ढिवर समाजाची माणसं महिना-महिना झाडाखाली राखण करतात, कारण पाखरं अळ्या खातात. त्या कोशाचा धागा कोष्ट्यांच्या मागावर चढतो. विदर्भाची करवतकाठी साडी पाहिली का? काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. काठाचा धागा वेगळा, मधला वेगळा, आणि दोन्ही एकमेकांत अडकवत विणायचे. त्याच्यासाठी तीन धोटे लागतात. कष्टाचं काम आहे, चंब्याच्या रुमालापेक्षा कमी नाही. गावोगावी बुरडाच्या घरी सूप, टोपली, डाली होतात. पण माझ्या ओळखीच्या एका बुरड काकांनी सांगितलं, "बांबू मिळते जी, पण पोरगा बसत नाही. प्लास्टिकच्या टोपल्याच्या भावात मी कसा विकू?" त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. एवढंच केलं की दोन सुपं घेतली, घासाघीस न करता.

काही म्हणतील, सरकार काही करत नाही. काही अंशी खरं आहे. पण मार्च २०१७ पासून इको-प्रोच्या पोरांनी हातात फावडी घेऊन किल्ल्याची सफाई सुरू केली. बुरुजांवरची झाडंझुडपं, कचरा, माती स्वतः काढली. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की आपल्या शहराला तट आहे! तट त्यांनी साफ केला. त्याच्यावर पुन्हा कचरा टाकायचा की नाही, त्याला टेकून खोली काढायची की नाही, हे आपण ठरवायचं.

चंब्याजवळ बर्फ आहे, डोंगर आहे, आपल्याजवळ ४६ डिग्रीचं ऊन आहे, हे मान्य. पण चंबा डोंगरामुळं टिकला नाही. तिथल्या बाईला आपल्या गावाची गोष्ट येते, आणि ती नातीला शिकवते. आपल्याकडं गोंड राजांचा इतिहास म्हणजे "त्यांचा" इतिहास, असं समजून बाजूला ठेवला. अरे भाऊ, आपल्या गावाचं नावच गोंडपिपरी आहे! वेगळा कसा काढाल?

माझी विनंती छोटी आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या गुरुजींनो, बाईंनो, यंदाची एक सहल चांद्याला काढा. जटपुरा, हिराईनं बांधलेली समाधी, महाकाली, लालपेठ, एका दिवसात होते. डबा घरून न्या. हिवाळ्यातच काढा, उन्हात पोरं हैराण होतील. कोणी नेणार असेल तर मी सोबत येतो, पैसे नको.

आणि उद्या तुमच्या पोराला परमुलखात कोणी विचारलं, "तुम्हारे चांदा में क्या है?", तर त्यानं माझ्यासारखं गप्प व्हायला नको.

तुमच्या घरी हिराईची, तटाची, जुन्या मागाची काही आठवण असेल तर खाली लिहा. आजीला विचारून लिहा.